शेत विकून स्टेम सेल?

वाचकाचं पत्र:

नमस्कार डॉक्टर. माझे बाबा ५९ वर्षांचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी हायस्कूलला गणित शिकवायचे. दीड वर्षापूर्वी उजव्या हातातून खडू निसटायला लागला, मग शर्टाची बटणं लागेनात. आधी मानेचा मणका समजून उपचार झाले. पुण्यात ईएमजी, म्हणजे नसा-स्नायूंची विद्युत तपासणी, केल्यावर मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एएलएस, असं निदान झालं. आता डावा पाय ओढला जातो आणि चहा पिताना ठसका लागतो. रिल्युझोल हे औषध चालू आहे. चुलतभावाला मोबाइलवर एका क्लिनिकचा व्हिडिओ आला. तिथे कंबरेच्या हाडातून मज्जा काढतात, स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळपेशी, वेगळ्या करतात आणि पाठीतून सोडतात. तीन डोस, नऊ लाख, महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत. काका म्हणतात, ओढ्याकाठचा दीड एकर ऊस विकू. आई म्हणते, प्रयत्न केला नाही अशी खंत जन्मभर नको. मी बीएस्सी झाले आहे. स्टेम सेलमुळे मोटर न्यूरॉन जगतात असं मी वाचलं आहे, ते खोटं आहे का? बाबांची थोरली बहीणही पन्नाशीत हातपाय गळून गेली, त्यामुळे आई फार घाबरली आहे. शिवाय भावाच्या मुलीच्या नाळेतलं रक्त आम्ही बँकेत ठेवलंय, ते वापरता येईल का?

उत्तर:

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. या क्लिनिकसाठी शेत विकू नका. सवलतीची तारीख जाऊ द्या.

तुम्ही वाचलंत ते मात्र खोटं नाही. म्हणूनच हा प्रश्न अवघड होतो. साफ थाप असती तर एका ओळीत निकाल लागला असता. इथे प्रयोगशाळेतलं खरं विज्ञान आणि क्लिनिकचं पॅकेज या दोन गोष्टी एकाच नावाने बाजारात आहेत, आणि मधलं अंतर कुणी सांगत नाही.

मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत आणि मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या ज्या चेतापेशी, त्या मोटर न्यूरॉन. एएलएसमध्ये त्या मरत जातात. बरीच वर्षं समज असा होता की बिघाड त्यांच्यातच आहे. १९९३ मध्ये एसओडी-१ या जनुकातला दोष काही कुटुंबांत सापडला, तोच दोष उंदरांत घालून आजार तयार करता आला आणि मग चित्र बदललं. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी निरोगी आणि सदोष अशा दोन्ही पेशींची सरमिसळ असलेले उंदीर तयार केले. सदोष मोटर न्यूरॉनच्या भोवती निरोगी पेशी असल्या तर ते जास्त टिकले. उलट निरोगी न्यूरॉन सदोष शेजाऱ्यांमध्ये अडकले तर त्यांच्यातही बिघाडाच्या खुणा दिसल्या. २००७ मध्ये दोन प्रयोगशाळांनी, पेशी वाढवायच्या काचेच्या बशीत, दाखवून दिलं की सदोष ॲस्ट्रोसाइट, म्हणजे न्यूरॉनला आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी, मोटर न्यूरॉनला मारणारं काहीतरी बाहेर सोडतात.

स्टेम सेलची आशा इथून उगवली. मेलेला न्यूरॉन बदलून नवा बसवायचा, ही कल्पना ऐकायला छान आहे, पण कंबरेतल्या मज्जारज्जूपासून पावलापर्यंत एकाच पेशीचा तंतू जवळपास एक मीटर जातो. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते. म्हणजे नवा न्यूरॉन नीट रुजला, त्याला वाटही सापडली, तरी पायाचा अंगठा गाठायला त्याला पावणेतीन वर्षं लागतील. बाबा गणिताचे शिक्षक आहेत, हा हिशेब त्यांना एका दमात पटेल. म्हणून गंभीर संशोधकांनी बदलण्याचा नाद बाजूला ठेवला आणि उरलेल्या न्यूरॉनभोवती निरोगी आधार-पेशी नेऊन त्यांना जगवता येतं का, हे पाहायला घेतलं. तुम्ही वाचलं असणार ते याबद्दल.

यातला मला सगळ्यात शिकवून गेलेला प्रयोग २००७ चा. स्टेम सेल संशोधक क्लाइव्ह स्वेन्डसन यांच्या गटाने मानवी चेता-पूर्वज पेशींमध्ये, म्हणजे ज्यांच्यापासून मज्जासंस्थेच्या पेशी तयार होतात त्यांच्यात, बदल करून त्यांना जीडीएनएफ नावाचं पोषक प्रथिन तयार करायला लावलं आणि त्या एएलएस झालेल्या उंदरांच्या मज्जारज्जूत सोडल्या. जिथे पेशी रुजल्या तिथले मोटर न्यूरॉन खरोखर वाचले, आणि ठळकपणे वाचले. पण उंदरांचे पाय लुळे पडायचे ते पडलेच. न्यूरॉन जिवंत, पण त्याचा स्नायूशी असलेला जोड तुटलेला. विहिरीवरची मोटार चालू आहे आणि शेताकडची पाइप फुटलीय, अशी गत. 'मोटर न्यूरॉन वाचला' आणि 'माणूस चालू शकला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे ध्यानात ठेवा. क्लिनिकच्या माहितीपत्रकात पहिलं वाक्य छापतात आणि दुसरं तुमच्या मनात आपोआप उमटतं.

त्याच गटाने हे काम माणसांपर्यंत नेलं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात १८ रुग्णांच्या मज्जारज्जूत शस्त्रक्रिया करून या पेशी घातल्या, त्याही कंबरेच्या भागात आणि फक्त एका बाजूला, म्हणजे त्याच माणसाचा एक पाय उपचाराचा आणि दुसरा तुलनेचा. कुठल्या बाजूला पेशी घातल्या हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही सांगितलं नव्हतं. निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी ४२ महिन्यांपर्यंत टिकल्या होत्या, जीडीएनएफ तयार करत होत्या, पायाच्या ताकदीला त्यांच्यामुळे अपाय झाला नव्हता. मृत्यूनंतरच्या तपासणीत पेशी सोडलेल्या जागी काहींना सौम्य गाठी दिसल्या. आणि दोन्ही पायांच्या ताकदीत ठाम म्हणावा असा फरक आढळला नाही. चाचणी मुळात सुरक्षितता तपासण्यासाठीच होती, त्यामुळे हे अपयश नव्हे. पण जगातल्या अत्यंत जाणत्या लोकांनी, थेट मज्जारज्जूत, पोषक प्रथिन तयार करणाऱ्या पेशी घालून २०२२ मध्ये गाठलेली पायरी ही एवढी आहे.

तुमच्या क्लिनिकची पद्धत याहून खूप साधी. कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी त्याच दिवशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सुईने सोडायच्या. या पेशींत बहुतेक रक्त तयार करणाऱ्या असतात. ज्यांच्याकडून आधाराची अपेक्षा करावी अशा मेसेन्कायमल पेशी अगदी नगण्य. त्यांचं न्यूरॉनमध्ये रूपांतर होत नाही. झालाच तर त्यांनी सोडलेल्या द्रवांचा काही दिवसांचा उपयोग.

याच्या जवळ जाणारी, पण कितीतरी पद्धतशीर चाचणी एका इस्रायली-अमेरिकी कंपनीने केली. औषधाचं नाव न्यूर-ओन (NurOwn). रुग्णाच्याच मज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी प्रयोगशाळेत वाढवून, पोषक प्रथिनं जास्त सोडतील अशा करून, पाठीतून तीन वेळा दिल्या. १८९ रुग्ण. खऱ्या इंजेक्शनच्या गटात ३३ टक्के रुग्णांची घसरण ठरवलेल्या मापाइतकी मंदावली, खोट्या इंजेक्शनच्या गटात २८ टक्क्यांची. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, इतका छोटा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने १७ विरुद्ध १ मताने पुरावा अपुरा ठरवला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने अर्ज मागे घेतला. दक्षिण कोरियाने २०१४ मध्ये अशाच एका मज्जा-पेशींच्या उपचाराला सशर्त मान्यता दिली होती. त्याची मोठी चाचणीही २०२४ च्या अखेरीस मुख्य निकषावर उत्तीर्ण झाली नाही.

त्या २८ टक्क्यांवर जरा थांबा, कारण चुलतभावाच्या व्हिडिओचं उत्तर तिथे आहे. नुसतं पाणी टोचलेल्या शंभरांतल्या अठ्ठावीस जणांची घसरण मंदावली. एएलएस सरळ उतारावरून जात नाही. जुन्या चाचण्यांमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा साधारण चौघांतला एक जण सहा महिने आहे तिथेच राहिलेला दिसला, कोणत्याही चमत्काराशिवाय. आता क्लिनिकने शंभर जणांकडून नऊ-नऊ लाख घेतले, त्यातले पंचवीस जण सहा महिन्यांनी 'तब्येत स्थिर आहे' असं मनापासून सांगणार. त्यांचा व्हिडिओ होतो. उरलेल्या पंच्याहत्तरांचा कोण काढतो? व्हिडिओतला माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. तो खरं बोलत असेल, फक्त श्रेय चुकीच्या ठिकाणी देत असेल.

कायद्याचंही ऐका. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा कुठलाही वापर हा उपचार म्हणून मान्य नाही. तो फक्त मंजूर चाचणीतच व्हायला हवा. चाचणीत असलेल्या रुग्णाकडून त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक असतं. 'तुमच्याच पेशी तुम्हालाच देतो, मग औषध कसलं' हा क्लिनिकवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद. तो ऐकून घ्या आणि विचारा: सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक काय? एथिक्स कमिटी कोणती? तुलनेचा गट आहे का? पैसे का घेता? नोंदणी क्रमांक मिळाला तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. तिथे चाचणी कुणाची, कशासाठी आणि अजून चालू आहे का, हे कुणालाही वाचता येतं. खरी, मंजूर, मोफत चाचणी निघाली आणि बाबांची इच्छा असली, तर मी स्वतः म्हणेन, तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून जरूर जा.

धोक्याचंही सांगतो, पण वाढवून सांगणार नाही. २०१६ मध्ये एका अमेरिकी रुग्णाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. पक्षाघातानंतर त्याने तीन देशांत जाऊन स्टेम सेल टोचून घेतल्या आणि त्याच्या मज्जारज्जूत मोठी गाठ झाली. गाठीतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच. बाबांना त्यांच्याच पेशी मिळणार असल्याने तो धोका कमी. पण पाठीतून सुई, जंतुसंसर्ग, तीव्र डोकेदुखी, मज्जा काढताना पालथं झोपवणं आणि गुंगीचं औषध, हे सगळं श्वासाचे स्नायू थकत चाललेल्या माणसाला निरोगी माणसासारखं सोसत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी खरा अडखळलो ते. आत्याचं वाक्य. तुम्ही ते आईच्या भीतीचं कारण म्हणून जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीने ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं. एएलएस सुमारे दहांपैकी नऊ जणांत घराण्याशी संबंध नसताना होतो. उरलेल्यांत तो जनुकातून येतो, आणि दोन सख्ख्या भावंडांना हातपाय गळण्याचा आजार झाला असेल तर तपासायलाच हवं. आत्यांना भलतंच काही झालं असण्याचीही शक्यता आहे. त्यांचे जुने कागद, कुठल्या डॉक्टरांना दाखवलं होतं, बोलणं-गिळणं बिघडलं होतं का, हे थोरल्यांना विचारा आणि पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवा. पुण्यात तपासताना हा इतिहास बहुधा कुणी सांगितलाच नसेल. आपल्याकडे 'बहिणीला काय झालं होतं' हे डॉक्टरांनी विचारल्याशिवाय निघत नाही.

जनुक तपासणीत एसओडी-१ चा दोष निघाला तर गोष्ट वेगळी. त्यासाठी टोफरसेन नावाचं औषध आहे. ते सदोष प्रथिन तयार होण्यालाच आळा घालतं. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फार महाग आहे, मिळवणं सोपं नाही, आणि एएलएसच्या शंभरांतल्या जेमतेम दोघांनाच लागू. तरीही नऊ लाखांच्या आशेपेक्षा या तपासणीच्या काही हजारांना माझ्या लेखी अधिक अर्थ आहे. आणि विचार करा, दोष जनुकात असेल तर बाबांच्या मज्जेतल्या पेशींतही तोच असणार. त्याच पेशी काढून त्यांनाच परत द्यायच्या.

याची एक नाजूक बाजू आहे. असा दोष निघाला तर तो तुमच्यात आणि भावात असण्याची शक्यता बहुतेक वेळा निम्मी असते. म्हणून बाबांची तपासणी करण्याआधी जेनेटिक समुपदेशकाशी बोला आणि तुमची स्वतःची तपासणी घाईघाईने करू नका. ती करायची की नाही हे तुमचं तुम्ही, वेळ घेऊन ठरवायचं.

स्टेम सेलचा एएलएसमधला आजवरचा भरवशाचा उपयोग पाहायचा तर तो बशीत झालाय. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये साध्या पेशींना पुन्हा मूळपेशीच्या अवस्थेत नेण्याची रीत शोधली, तिला २०१२ चं नोबेल मिळालं. २००८ पासून एएलएसच्या रुग्णांच्या त्वचेतून मोटर न्यूरॉन तयार करून त्यांच्यावर औषधं तपासता येतात. जपानच्या केइओ विद्यापीठाला त्यातूनच पार्किन्सनचं रोपिनिरोल हे औषध आशादायक वाटलं, आणि त्यांनी ते २० रुग्णांच्या चाचणीत तपासून पाहिलं. वीस म्हणजे फार थोडे. काकांनी हे वाचून मेडिकलमधून रोपिनिरोल आणायला कुणाला पाठवू नये, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मग पैसे कशावर खर्च करायचे? श्वासावर. बाबांना ठसका लागतोय, म्हणजे घशाचे स्नायू गुंतलेत, आणि छातीचे मागोमाग येतात. श्वासाच्या ताकदीची तपासणी, यंत्रात जोराने फुंकर मारायची ती, याच महिन्यात करून घ्या आणि दर तीन महिन्यांनी परत. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, उताणं झोपल्यावर धाप लागणं, रात्री सारखी जाग येणं, यातलं काहीही दिसलं तर तीन महिने थांबू नका. रात्री मास्कमधून हवा ढकलून श्वासाला मदत करणारं बायपॅप यंत्र हा या आजारातला सर्वांत दुर्लक्षित उपचार आहे. इंग्लंडमधल्या २००६ च्या अभ्यासात, ज्यांचं गिळणं-बोलणं बऱ्यापैकी शाबूत होतं अशा रुग्णांचं आयुष्य त्याने सुमारे सात महिन्यांनी वाढवलं, झोपही सुधारली. रिल्युझोलने वाढतं ते दोन-तीन महिने. ते चालू ठेवाच, आणि त्यासोबत यकृताची रक्ततपासणी चुकवू नका. धाप लागली म्हणून घरी नुसता ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र आणू नका. या आजारात अडचण हवा आत-बाहेर ढकलण्याची असते. नुसत्या ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जाऊ शकतो.

दुसरं, वजन. दर आठवड्याला वहीत मांडा. पातळ चहापेक्षा घट्टसर पेज, दाटसर ताक, मऊ भात-वरण त्यांना सोपं जाईल, आणि घोट घेताना हनुवटी खाली ठेवायला स्पीच थेरपिस्ट शिकवतील. वजन उतरू लागलं तर पोटाला नळी घालण्याचा विषय टाळू नका. श्वासाची क्षमता निम्म्यावर यायच्या आत ती बसवणं सुरक्षित. नळी बसली तरी जमेल तितकं तोंडाने खाता येतं, हे आईला आवर्जून सांगा. बहुतेक घरांत नळी म्हणजे शेवट, असं समजून उशीर करतात.

बायपॅप, पायाला आधार देणारा स्प्लिंट, पाठ वर होणारा पलंग, चाकाची खुर्ची, संडासात हाताला धरायचा दांडा, आणि दिवसा मदतीला माणूस. एवढ्याला ऊस विकावा लागणार नाही, पण पुढच्या वर्षांत पैसा लागेल, आणि तो तेव्हा हाती असायला हवा. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखलाही आत्ताच काढा. २०१६ च्या कायद्यात हालचालींचं अपंगत्व आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार दोन्ही येतात.

तुमच्या पत्रात आई बोलते, काका बोलतात, चुलतभाऊ बोलतो. बाबा काय म्हणतात? एएलएसमध्ये बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते. थोड्यांच्या स्वभावात किंवा निर्णयशक्तीत फरक पडतो, ते डॉक्टर तपासतील. आयुष्यभर पोरांकडून पायऱ्या लिहून घेणाऱ्या माणसापुढे हे आकडे मांडा: १८ रुग्ण, ३३ आणि २८, नऊ लाख. जमीनही त्यांची, आजारही त्यांचा. बायपॅप आणि नळीबद्दलही बोलणं स्पष्ट आहे तोवर त्यांच्याच तोंडून ऐका, लिहून ठेवा.

काकांचा 'प्रयत्न' हा शब्द मला कळतो. भावासाठी दीड एकर द्यायला निघालेल्या माणसाशी वाद घालू नका, त्याला काम द्या. आत्यांचे कागद शोधायचे, बाबांना दर तीन महिन्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात न्यायचं, सिव्हिलला दाखल्यासाठी खेटे घालायचे. आईला मात्र सांगा की क्लिनिकला नाही म्हटलं म्हणजे उपचार थांबवले असं होत नाही. वर लिहिलेलं सगळं उपचारच आहे.

भाचीच्या नाळेतलं रक्त: त्यात रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या मोटर न्यूरॉनच्या उपयोगाच्या नाहीत. बाबांसाठी तर नाहीच, आणि घरात जनुकाचा दोष निघाला तर तो भाचीच्या पेशींतही असू शकतो. बँकेची वार्षिक फी पुढे भरायची की नाही, ते भावाने बाबांचा रिपोर्ट आल्यावर ठरवावं.